डावीकडे वळणारा ठिपका

आमच्या क्लबच्या कँटीनमध्ये पॅराशूटची एक जुनी पिशवी खुंटीला टांगलेली असते. आमच्यापैकी कोणी परदेशात स्पर्धेला गेलं, की तिकडे उड्डाण चालू असेपर्यंत सगळ्यांचे मोबाइल त्या पिशवीत जातात. एके वर्षी पडद्यावरचे ठिपके बघता बघता इथल्या एका शहाण्याला राहवलं नाही. त्याने तिकडे फोन करून सांगितलं, नदीपलीकडे जा, तिथे सगळे वर चढताहेत. आमच्या माणसाचे गुण कापले गेले. तेव्हापासून ही पिशवी. आता तर आयोजक जगाला चित्रच पाव तास उशिरा दाखवतात, म्हणजे कोणी घरबसल्या अक्कल शिकवू नये. तरी पिशवी आहे तिथेच आहे.

त्या दिवशी दुपारी हिनेक पिशवी घेऊन टेबलांमधून फिरला. हिनेक आमचा अध्यक्ष, आणि ग्लायडर वर ओढायचं यंत्रही तोच चालवतो.

"बाई, तुमचाही द्या."

"माझा बटणांचा आहे रे. तो नीट ऐकू येत नाही मला, त्यावरून मी कोणाला काय सांगणार?"

"नियम म्हणजे नियम. हे कोणी शिकवलं मला?"

मी फोन दिला. मला इथे सगळे बाईच म्हणतात. निम्म्या लोकांना मी उडायला शिकवलंय आणि उरलेल्यांना शाळेत भूगोल.

स्पर्धा स्वीडनमध्ये होती, स्त्रियांची जागतिक स्पर्धा. आमची मिलादा कालच्या उड्डाणापर्यंत दुसरी होती. तिचा नवरा शिमोन तिच्याबरोबर गेला होता. ग्लायडर कुठे शेतात उतरलं तर गाडीमागे लांब ट्रेलर जोडून ते आणायला कोणीतरी लागतंच. मुलगी अपोलेना सुट्टीपुरती माझ्याकडे होती. बारा वर्षांची, शांत, आणि प्रश्न विचारण्यात चिवट. असं मूल मला कुठेही भेटलं तरी मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसते.

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी एक खेळ काढला होता. पडद्यावर प्रत्येक ग्लायडरचा एक ठिपका असतो, ठिपक्याशेजारी नाव आणि उंची. त्यातली नावं बंद करायची आणि नुसत्या चालीवरून ओळखायचं, कोण आहे.

"शाळेत पाठमोऱ्या मुली ओळखतेस ना चालण्यावरून?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "तसंच हे. इंजिन नाही, म्हणून घारीसारखं गरम हवेत गोल गोल फिरत चढायचं. आता कोण घाईने निघतं, कोण शेवटच्या मीटरपर्यंत चिकटून बसतं, कोण कोणत्या हाताला वळतं, ते बघायचं."

"आई कोणत्या हाताला वळते?"

"दहाजणी आधीच फिरत असतील तर त्या फिरतात तशी. तो रस्त्याचा नियम. पण एकटी असली की डावीकडे. पंधरा वर्षांची होती तेव्हापासून. उजवीकडे वळायला सांगितलं की लिंबू चावल्यासारखं तोंड करायची."

"मग तुम्ही ओरडायचा?"

"मी कशाला ओरडू? वळायची उजवीकडे, छान वळायची. पण घाबरली की हात आपोआप डावीकडे जायचा. घाबरलेला माणूस विचार करून वळत नाही, अपोलेना. त्याचं अंग वळतं."

तर त्या दुपारी शर्यत सुरू झाल्यावर आम्ही नावं बंद केली. अपोलेनाने बराच वेळ हनुवटी टेबलावर टेकवून बघितलं. मग पुढच्या टोळीपासून वेगळ्या निघालेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही आई."

हिनेकने नावं चालू केली. ठिपक्याशेजारी 'युर्गिता' असं उमटलं. मिलादाचा ठिपका मागे होता, चांगलाच मागे.

"अरेरे, आई बदलून घेतलीस होय?" हिनेक म्हणाला. "युर्गिता वाईट नाही म्हणा. पण लिबुशेमावशीच्या बटाट्याच्या सूपची सवय करावी लागेल बिचारीला."

"माझ्या सुपाला नाव ठेवलंस तर तूच उपाशी राहशील," लिबुशे खिडकीतून म्हणाली. कँटीन तिचं आहे.

युर्गिता लिथुआनियाची. स्पर्धेच्या मैदानावर तिचा तंबू मिलादाच्या कॅराव्हॅनला लागून होता आणि रोज सकाळच्या फोटोत ती होतीच, हातात मग आणि पायात लाल रबरी चपला.

अपोलेनाचे कान लाल झाले. "पण ती एकटी होती. आणि डावीकडे वळत होती."

"एका खुणेवरून निकाल द्यायचा नसतो," मी म्हणाले. "जगात डावीकडे वळणारी तुझी आई एकटी नाही. आणखी बघायचं, मग बोलायचं."

तिने पुन्हा हनुवटी टेबलावर टेकवली. मी बरोबर शिकवलं असं मला वाटलं.

त्यानंतर मिलादाचं काही खरं दिसेना. बाकीच्या पुढे गेल्या, ढगांची रांग त्यांच्याबरोबर गेली, आणि तिच्या ठिपक्याखाली नुसतं जंगल उरलं. नकाशावर हिरवं, मधूनमधून निळी तळी, पुन्हा हिरवं. शेताचा एक तुकडा नाही. हिनेकच्या थट्टा थांबल्या. ठिपक्याशेजारचा उंचीचा आकडा खाली येत होता. सातशे मीटर. सहाशे. एका जागी ती थोडी फिरली, हाती काही लागलं नाही, पुढे सरकली.

"मागे तळं आहे ना, त्याच्या काठाला मोकळी जागा दिसते," हिनेक म्हणाला. "मागे फिर, मिलादा. मागे फिर."

"तिला ऐकू येत नाही," अपोलेना म्हणाली. "आणि हे पाव तासापूर्वीचं आहे. जे व्हायचं ते होऊन गेलंय."

ती हे पडद्याकडे बघत, साध्या आवाजात म्हणाली. हे वाक्य मीच तिला शिकवलं होतं, पहिल्या दिवशी. त्या दिवशी ती नुसती माहिती होती.

तीनशे. दोनशे. ठिपका गोल फिरला, पुन्हा फिरला, तिसरं वळण अर्धवट राहिलं. आकडा थांबला. ठिपकाही थांबला, हिरव्याच्या मधोमध.

लिबुशेच्या हातात सूप वाढायचा डाव होता, तो तिने खाली ठेवला नाही, तशीच बाहेर येऊन उभी राहिली.

"उतरली," हिनेक म्हणाला.

"कशावर?" मी विचारलं. त्याने नकाशा मोठा केला. झाडंच होती.

अपोलेना उठली आणि खुंटीकडे गेली. तिचा हात पिशवीला पोचेना, तेव्हा तिने खुर्ची ओढली. हिनेकने पटकन पिशवी काढून टेबलावर उपडी केली. सगळे फोन बाहेर पडले. ते आवाज बंद करूनच पिशवीत टाकतात. अपोलेनाच्या फोनवर बाबांचे न घेतलेले फोन होते, एकाखाली एक. हिनेकच्या फोनवरही शिमोनचे. एवढ्या वेळा माणूस कधी फोन करतो ते कोणाला सांगावं लागत नाही.

अपोलेनाने फोन माझ्याकडे दिला. "तुम्ही बोला, बाई."

मी शिमोनला लावून तो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण हिनेकने दाबलं. एकच घंटा वाजली.

"कुठे होतात सगळे?" शिमोन म्हणाला. "केव्हाचा फोन करतोय. ऐका, घाबरू नका. मिलादा ठीक आहे. तो डबा बिघडलाय, ठिपका दाखवणारा."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे वर आहे, बाई. हवेत. ठिपका थांबल्याबरोबर इथून रेडिओवर विचारलं, तिने लगेच उत्तर दिलं. मी स्वतः ऐकलं. म्हणाली, 'मी मजेत आहे, मध्ये बोलू नका.' तुम्हाला हे उशिरा दिसणार, म्हणून आधीच सांगायला बघत होतो, तर एकजण फोन उचलेल तर शपथ."

"पिशवीत होते," हिनेक म्हणाला.

"जाळा ती पिशवी."

फोन ठेवल्यावर लिबुशे खाली बसली आणि डावानेच वारा घेऊ लागली. हिनेकने स्वतःसाठी बिअर आणि अपोलेनासाठी कोफोला, म्हणजे आमच्याकडचा कोला, ओतला. लिबुशेने खसखस भरलेल्या, गोड पावासारख्या बुख्ता आणल्या, सकाळच्या होत्या पण कोणी तक्रार केली नाही. त्या काही मिनिटांत वाढलेली सगळ्यांची वयं पुन्हा जागच्या जागी आली.

अपोलेनाने बुख्ता हातात धरली होती. खाल्ली नव्हती.

"बाई, डबा बिघडला तर ठिपका कुठे थांबेल?"

"बिघडला तिथेच."

"म्हणजे वरच्या वर. सातशे मीटरवर बिघडला तर सातशेचाच आकडा राहील." तिने पडद्याकडे बघितलं. "हा खाली का आला? हा झाडांपर्यंत आला."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हिनेक," मी म्हणाले, "शेवटचा तुकडा मागे घे."

त्याने घेतला. सातशे, सहाशे, ती थोडी फिरली. दोनशे, ती फिरली, पुन्हा फिरली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. प्रत्येक वळण उजवीकडे. जंगलावर, एकटी, उंची संपत आलेली, आणि उजवीकडे.

"ही आई नाहीच," अपोलेना म्हणाली. "आई ती आहे. मी दाखवली होती ती."

पडद्यावर पुढे, बऱ्याच पुढे, 'युर्गिता' नावाचा ठिपका शांतपणे डावीकडे वळत चढत होता. डब्याने जागा खोटी सांगितली नव्हती. नाव खोटं सांगितलं होतं. आणि तिकडे सगळ्यांनी मिलादाचा आवाज ऐकून सुटकेचा श्वास टाकला होता, जंगलातला तो ठिपका पुसल्यासारखा सोडून दिला होता. त्याला आता पाव तासाहून जास्त वेळ झाला होता.

मी पुन्हा फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. अपोलेनाने बुख्ता बशीत ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली. चौथ्यांदा लागला.

"बाई, मी सांगितलं ना—"

"शिमोन, युर्गिताचा डबा रात्री कुठे चार्ज होतो?"

"आमच्याच कॅराव्हॅनमध्ये. तिचा चार्जर जळलाय परवा. का?"

"दोन्ही एकाच टेबलावर?"

"हो." मागे कुठेतरी कोणी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

"सकाळी डबे कोणी दिले?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. मग त्याच्या धावण्याचा आवाज आला, आणि दाराचा, आणि परक्या भाषेत तुटक बोलणं. फोन त्याच्या हातात चालूच राहिला होता. रेडिओवर एका बाईच्या आवाजात युर्गिताचं नाव घेतलेलं आम्हाला ऐकू आलं. मग नुसती खरखर. पुन्हा नाव. पुन्हा खरखर.

"उत्तर देत नाही," शिमोन म्हणाला. "ठेवतो." फोन बंद झाला.

आता आम्हाला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण असतं. पडदा आपला पाव तास मागे चालला होता. त्यात अजून कोणाला काही कळलेलं नव्हतं. 'युर्गिता' नावाची मिलादा शेवटच्या ढगाखाली पुरेशी उंच झाली, तिथून सरळ घसरत गेली असती तर पहिल्या तिघींत आली असती. आम्ही कोणी ते बोलून दाखवलं नाही.

पाव तासाने ठिपका वळला. शेवटच्या रेषेकडे पाठ करून, आल्या वाटेने मागे निघाला.

"आईने रेडिओ ऐकला," अपोलेना म्हणाली.

"जवळ तीच असणार," हिनेक म्हणाला. "तिला माहीत आहे, मागे कोण राहिलं होतं."

अपोलेना माझ्याकडे वळली. "बाई, युर्गिताच्या क्लबातपण कोणीतरी बघत असेल ना? त्यांना वाटत असेल ती उडतेय."

मी हिनेककडे बघितलं. त्याने आपल्या फोनवर त्यांच्या क्लबचा नंबर शोधून काढला, पण बोलणार कोणत्या भाषेत? त्याचं इंग्रजी दुकानात दूध मागण्यापुरतं. लिथुआनियन आमच्यात कोणाच्या बापाला येत नाही.

"मला रशियन येतं," मी म्हणाले. "शाळेत सक्तीचं होतं. तिकडच्या म्हाताऱ्यांनाही सक्तीचंच असणार."

एका पुरुषाने उचलला. माझ्याच वयाचा असावा. मागे बरीच माणसं बोलत होती. मी रशियनमध्ये सुरुवात केली तेव्हा तो क्षणभर थांबला. त्या भाषेत आपल्याला कोणी हाक मारावी हे त्याला आवडलं नसणार. मलाही बोलायला आवडत नव्हतं. पण दोघांमध्ये दुसरी नव्हती. मी कोण, कुठली, ते सांगितलं.

"हां, मिलादाचे लोक," तो म्हणाला. "तुमची ठीक आहे असं कळलं. बरं झालं. आम्ही इथे डोकं धरून बसलोय. आमची जिंकत होती हो, आणि आता मागे वळली. का वळली ते कळत नाही. मी तिचा काका. मी तिला कधी असं वळायला शिकवलं नाही."

"ती कोणत्या हाताला वळते?" मी विचारलं.

"उजव्या. का?"

"पडद्यावर बघा."

मागचा आवाज कमी झाला. त्याने कोणालातरी गप्प केलं असावं. मी त्याला घाई केली नाही. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं माणसाला लवकर पटतं.

"ती तुमची नाही," मी म्हणाले. "डब्यांची अदलाबदल झाली. ती आमची आहे. तुमची खाली आहे, जंगलात. आमची तिच्याकडे चालली आहे."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे एक खुर्ची सरकली. इथे लिबुशे माझ्या खांद्यामागे उभी होती. पडद्यावर मिलादा हिरव्यावर पोचली आणि थांबलेल्या ठिपक्याच्या बरोबर वर फिरू लागली. डावीकडे, डावीकडे. वाचवायला येणाऱ्यांना जंगलात पांढरं ग्लायडर शोधणं म्हणजे गंजीत सुई. पण वर कोणी फिरत असेल तर ते लांबून दिसतं.

"किती उंच आहे?" त्या काकाने विचारलं.

"नऊशे."

"चढ आहे का तिथे?"

"नाही. प्रत्येक फेऱ्याला खाली येतेय."

हे तो मला विचारत नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्याच्यासमोर तोच आकडा होता. आठशे झाले. सातशे. मघा याच उंचीवरून पहिलं ग्लायडर झाडांत गेलं होतं. अपोलेनाने माझी बाही धरली होती, हाताला हात न लावता नुसती बाही.

तिचा फोन थरथरला. शिमोन. गाडी चालवत होता, ट्रेलरचा खडखडाट ऐकू येत होता.

"सापडली," तो ओरडून बोलत होता. "हेलिकॉप्टरला मिलादा दिसली, मग खाली हे. ग्लायडर झाडांच्या शेंड्यांवर अडकलंय. काढलं तिला. पाय मोडलाय, बहुतेक दोन्ही. शुद्धीवर आहे, बोलतेय. डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर रक्त फार गेलं असतं. तुम्ही तिच्या लोकांना—"

"ते दुसऱ्या फोनवर आहेत. मिलादा?"

"खाली गेली असणार. रेडिओ पोचत नाही. आयोजकांचा फोनही लागत नाही. मी तिकडेच निघालोय, पण तिकडे म्हणजे कुठे ते माहीत नाही. तुम्हाला दिसलं की सांगा."

मी काकाला सगळं सांगितलं. पाय मोडल्याचंही सांगितलं, बोलतेय हेही. त्याने त्याच्या भाषेत मागच्यांना सांगितलं आणि तिकडे एका बाईच्या रडण्याचा आवाज आला, मग बऱ्याचजणांचा एकदम. मला वाटलं आता तो फोन ठेवील. त्याला केवढे फोन करायचे असतील.

"तुमची आता कुठे उतरणार?" त्याने विचारलं.

"बघतोय."

"मी आहे," तो म्हणाला.

पडद्यावर मिलादा अजून फिरतच होती. पाचशे. अजून फिरत होती. "निघ आता," हिनेक पुटपुटला. चारशेवर तिने जंगल सोडलं आणि तळ्याकडे सरळ निघाली, मघा हिनेक ज्या काठाबद्दल बोलत होता तिकडे. वाटेत आकडा भराभर पडला. तिकडे तो म्हातारा रशियनमध्ये आकडे म्हणत होता, इकडे अपोलेना आमच्या भाषेत, आणि दोघांचे आकडे एकच होते. पाण्याच्या कडेला एक फिकट पट्टी होती. गवत कापलेलं कुरण असावं, किंवा दलदल. नकाशावरून ते कळत नाही.

शंभरवर ठिपका पट्टीच्या पलीकडे गेला, आणि वळला.

"डावीकडे," अपोलेना म्हणाली.

ठिपका पट्टीवर आला, थोडा पळाला, आणि थांबला. या वेळी ठिपक्याखाली हिरवं नव्हतं.

अपोलेनाने बाबांना फोन लावला. तळ्याचं नाव तिला उच्चारता येईना, तेव्हा तिने एक एक अक्षर सांगितलं, मग काठ कोणता, रस्ता कुठून. भूगोल चांगला होता तिचा. रस्ता सांगून होतो न होतो तोच दुसरा फोन तिच्याकडे आला. नंबर स्वीडनचा, अनोळखी, कोणा शेतकऱ्याचा असावा.

"आई," ती म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "हो. हो, बघितलं आम्ही. नाही, घाबरले नव्हते. थोडीशी." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई इथेच आहेत. त्या दुसऱ्या काकांशी बोलताहेत."

मी त्या दुसऱ्या काकाला सांगितलं, आमची कुरणात आहे, धड आहे. त्याने ते मागच्यांना सांगितलं. मग म्हणाला, "ज्याने ओळखलं त्याला माझा नमस्कार सांगा."

"ती बारा वर्षांची आहे. आणि तिने दुपारीच ओळखलं होतं. मी तिला म्हणाले, आणखी बघ."

"असं आपण म्हणतोच," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर हिनेक टेबलावरचे मोबाइल ज्याचे त्याला देत होता. अपोलेनाने बशीतली बुख्ता उचलली आणि खायला लागली. अर्धी संपल्यावर तिने रिकामी पिशवी घडी करून खुर्चीवर चढून खुंटीला अडकवली, आणि स्वतःचा फोन मात्र खिशात ठेवला.

"हा उद्या टेबलावर राहील," ती म्हणाली. "बाकीचे पिशवीत."

हिनेकने माझ्याकडे बघितलं. नियम म्हणजे नियम, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"राहू दे," मी म्हणाले.